फुटबॉल क्लब आणि उपेक्षित तरुण खेळाडू : शोध, पारख व करार

प्रस्तावना :

फेब्रुवारी २०२१ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन या क्लबने मोइसेस कायसेडो या एकोणीस वर्षांच्या खेळाडूला इक्वेडोरमधील इंडिपेंडिएंटे डेल व्हाये या क्लबकडून करारबद्ध केले. त्यासाठी सुमारे ४५ लाख पौंड मोजले गेल्याचे प्रसिद्ध झाले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हाच खेळाडू चेल्सी क्लबने १० कोटी पौंड देऊन व आणखी दीड कोटी पौंड अटींवर देण्याचे मान्य करून घेतला. अडीच वर्षांत किंमत वीस पटींहून अधिक झाली. या काळात त्याचा खेळ सुधारला, हे खरेच. परंतु त्याची गुणवत्ता वीस पटींनी वाढली असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. मग हा फरक कशातून निर्माण झाला, हा प्रश्न केवळ क्लबच्या हिशेबनिसाचा नाही. शारीरिक शिक्षण, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांचा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘स्काऊटची नजर’ या शब्दांत दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अपुरे आहे. कमी किंमत हा खेळाडूचा गुणधर्म नसतो. पाहणाऱ्यांच्या सामुदायिक चुकीचे ते मोजमाप असते. या चुका यदृच्छेने होत नाहीत, त्या ठराविक ठिकाणी आणि ठराविक दिशेने होतात. म्हणून ज्या क्लबला उपेक्षित तरुण खेळाडू लवकर शोधावयाचे आहेत त्याने इतरांची नजर कोठे चुकते याचा आधी अभ्यास केला पाहिजे. प्रस्तुत लेखात अशा तीन ठिकाणांचा व त्यानंतर कराराच्या बाजूचा विचार केला आहे.

जन्ममहिन्याचा परिणाम :

वयोगटातील स्पर्धांना एक छेदनतारीख असते. ती १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा भाग होय. थोरला मुलगा उंच, वेगवान व समजदार दिसतो. त्याची निवड होते. निवड झाल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक, अधिक सराव व अधिक सामने मिळतात. आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. आरंभीची चूक अशा रीतीने स्वतःलाच खरी करून दाखवते. कॅनडातील आइस हॉकीच्या संदर्भात रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हा प्रकार निदर्शनास आणला. पुढे फुटबॉलमध्येही तो आढळला. त्याला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ असे म्हणता येईल.

हा परिणाम ऋतूचा किंवा आहाराचा नसून नियमाचा आहे, याचा पुरावा बेल्जियममध्ये मिळाला. तेथे १९९७ मध्ये युवा फुटबॉलची छेदनतारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारी करण्यात आली. व्हर्नर हेल्सेन व सहकाऱ्यांनी बदलापूर्वीच्या आणि नंतरच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा निवडलेल्या मुलांमधील आधिक्य वर्षाच्या नव्या आरंभाकडे सरकल्याचे दिसून आले. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले एका वर्षात अकस्मात मंद झाली, असे तर घडले नव्हते.

यावर उपाय काय? स्काऊटना जन्मतारखांची यादी हाती द्यावी, असे सहज सुचते. तथापि नेदरलँड्समधील डेव्हिड मान व प्लून व्हान गिनेकेन यांच्या २०१७ मधील प्रयोगाचा निष्कर्ष लक्षणीय आहे. केवळ जन्मतारखा माहीत असल्याने स्काऊटचा कल बदलला नाही. परंतु खेळाडूंच्या जर्सीवरील क्रमांक वयाच्या क्रमाने दिले, म्हणजे कोण थोरला व कोण धाकटा हे खेळ पाहतानाच डोळ्यांसमोर राहील अशी व्यवस्था केली, तेव्हा तो कल नाहीसा झाला. कागदावरची माहिती आणि मैदानावर दिसणारी माहिती यांत किती अंतर असते, हे निवड चाचणीच्या दिवशी उन्हात वही घेऊन बसलेल्या कोणालाही पटावे. या उपायाला खर्च जवळजवळ नाहीच. आपल्या आंतरशालेय व आंतरमहाविद्यालयीन निवड चाचण्यांत तो उद्यापासून अमलात आणता येईल.

शारीरिक परिपक्वता आणि ‘लहान चणीचा’ मुलगा :

जन्ममहिन्यापेक्षाही मोठी चूक शरीराबाबत होते. मुलांची उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो; परंतु कोणाचा बाराव्या वर्षी, तर कोणाचा सोळाव्या वर्षी. त्यामुळे एकाच तेरा वर्षांखालील संघात एक मुलगा जवळजवळ पुरुष झालेला आणि दुसरा बालकच राहिलेला असतो. त्या दिवशीचा सामना पहिला जिंकून देतो. प्रशिक्षकाची नोकरी जर त्या सामन्यावर अवलंबून असेल, तर दुसरा मुलगा बाहेर जातो.

लहान चणीमुळे नाकारल्या गेलेल्या खेळाडूंची नावे आज सर्वपरिचित आहेत. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच हायदुक स्प्लिट क्लबला दुबळा वाटला. डिनामो झाग्रेबने त्याला घेतले आणि २०१८ मध्ये तो बॅलन डी’ओर पुरस्काराचा मानकरी ठरला. फ्रान्समधील अनेक क्लबांनी उंचीमुळे नाकारलेल्या अँत्वान ग्रीझमनला स्पेनच्या रेआल सोसिएदादचे स्काऊट एरिक ओलाट्स यांनी चौदाव्या वर्षी उचलले. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी सोडून दिले, आणि पुढे तो कारखान्यात काम करीत खालच्या श्रेणीत खेळत राहिला. ही उदाहरणे सुखान्त आहेत म्हणूनच आपल्याला ठाऊक आहेत. तेराव्या वर्षी नाकारले गेल्यानंतर ज्यांनी बूट कायमचे बाजूला ठेवले त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात सापडणार नाहीत, आणि खरा तोटा तेथेच आहे.

उशिरा वाढणाऱ्या मुलात एक गुण बहुधा आढळतो. बळाने चेंडू मिळत नसल्याने त्याला जागा हेरावी लागते, पहिल्या स्पर्शातच चेंडू वळवावा लागतो, आघात येण्यापूर्वी तो सोडावा लागतो. टिकून राहिला तर त्याचे शरीर कालांतराने इतरांची बरोबरी करते, आणि हे शहाणपण वरकड शिल्लक राहते. मात्र ‘टिकून राहिला तर’ ही अट महत्त्वाची आहे; तो टिकावा यासाठी क्लबने व्यवस्था करावी लागते. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा परिपक्व होणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय युवा संघ चालवले. इंग्लंडमध्ये वयाऐवजी अपेक्षित प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची मुलाने गाठली आहे त्यावरून गट पाडून सामने खेळवण्याचा प्रयोग झाला. अशा सामन्यांत लवकर वाढलेल्या मुलाचाही फायदा होतो, कारण तेथे त्याला केवळ धक्क्यावर निभावता येत नाही.

नेदरलँड्सच्या अयाक्स क्लबने तंत्र, आकलन, व्यक्तिमत्त्व आणि वेग हे चार निकष प्रसिद्ध केले. यांत उंची किंवा वजन नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वेग मात्र आहे, आणि वेगही वाढत्या वयात शरीराबरोबर बदलतो. तेव्हा हा निकषही निर्दोष नाही.

लवकर पाहणे आणि लवकर ठरवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या साऱ्यातून निघणारा मुद्दा होय. इंग्लंडमधील अकादमी नऊ वर्षांखालील गटापासून मुलांची नोंदणी करतात. त्या वयात केलेले भाकीत फारसे विश्वसनीय असू शकत नाही. याउलट २००० च्या युरो स्पर्धेतील नामुष्कीनंतर जर्मन संघटनेने देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रे उभारली. तेथे मुलगा आपल्या गावच्या क्लबातच राहतो आणि आठवड्यातून एकदा अधिक चांगले प्रशिक्षण घेतो. त्याचे घर सुटत नाही, शाळा सुटत नाही, आणि अंतिम निर्णय काही वर्षे पुढे ढकलता येतो. क्लबांनी हेच तत्त्व स्वीकारणे हिताचे ठरेल.

ठिकाण व श्रेणी यांचा पूर्वग्रह :

तिसरी चूक पत्त्याची आहे. फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतील ल हाव्र क्लबात खेळणाऱ्या रियाद महरेझला लेस्टर सिटीने जानेवारी २०१४ मध्ये सुमारे साडेचार लाख पौंडांत घेतले. लेस्टरचे स्टीव्ह वॉल्श तेथे दुसराच खेळाडू पाहावयास गेले होते, ही गोष्ट मनोरंजक आहे. पण योगायोगालाही मैदानावर हजर राहावे लागते. एन्गोलो कांते एकोणीस वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळच्या सुरेन येथील हौशी क्लबात होता. २०१५ मध्ये लेस्टरने त्याला का क्लबकडून सुमारे ५६ लाख पौंडांत घेतले आणि वर्षभरात चेल्सीने सुमारे ३ कोटी २० लाख पौंड दिले. मधल्या काळात, २०१५-१६ च्या हंगामात, लेस्टरने इंग्लंडचे विजेतेपद मिळवले होते.

अशा ठिकाणी आकडेवारीचे साहाय्य होते. चेंडू हिसकावण्याची संख्या, पुढे नेलेले पास, चेंडूसह कापलेले अंतर यांच्या नोंदी दूरच्या श्रेणीतील खेळाडूंबाबतही आज उपलब्ध असतात. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम सट्टेबाजीच्या गणितातून पुढे आलेले असल्याने त्यांचा क्लब या मार्गाने गेला. तथापि कमकुवत श्रेणीतील दहा यशस्वी पास प्रबळ श्रेणीत किती होतील, हे आकडे आपोआप सांगत नाहीत. ब्रायटनने कायसेडोला प्रथम बेल्जियमच्या बेअरशॉट क्लबात उसने पाठवले, त्यामागे हे व्यावहारिक उत्तर दिसते. आकड्यांनी नाव सुचवावे आणि माणसाने जाऊन पाहावे, हा क्रम बरा.

करार आणि मुलाचे हित :

गुण ओळखला तरी मुलाला वाटेल तेव्हा उचलून आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. लिओनेल मेस्सी २००० साली तेराव्या वर्षी अर्जेंटिनातून बार्सिलोनास गेला. कार्लेस रेशाक यांनी कागदी रुमालावर लिहून दिलेले वचन प्रसिद्धच आहे. फिफाच्या २००१ नंतरच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण निषिद्ध आहे. आईवडिलांचे अन्य कारणाने स्थलांतर, युरोपीय संघातील सोळा ते अठरा वयाचे खेळाडू, सीमेलगतचे वास्तव्य अशा मोजक्याच सवलती आहेत. या नियमाच्या भंगाबद्दल २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी आली. अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करारही फिफा मानत नाही. म्हणजे गुणी मुलाला कागदाने बांधून ठेवणे फार काळ शक्य नाही; त्याला खेळावयास मिळणे हेच त्याला थांबवणारे कारण होऊ शकते. जो क्लब सतराव्या वर्षाच्या मुलाला मुख्य संघात उतरवण्याचे धैर्य दाखवतो त्याच्याकडे मुले आपण होऊन येतात. इंडिपेंडिएंटे डेल व्हायेचे यश बऱ्याच अंशी यातच आहे.

लहान क्लबांसाठी ‘एकजूट निधी’ची तरतूद आहे. करार चालू असताना खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण झाल्यास रकमेच्या ५ टक्के भाग त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या काळात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक हंगामास ०.२५ टक्के आणि त्यापुढील प्रत्येक हंगामास ०.५ टक्के असे त्याचे प्रमाण आहे. १० कोटी पौंडांच्या व्यवहारात पहिली चार वर्षे मुलाला शिकवणाऱ्या क्लबाचा वाटा १० लाख पौंड होतो. नोव्हेंबर २०२२ पासून हे वाटप फिफाच्या स्वतंत्र यंत्रणेमार्फत, खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरून केले जाते.

आपल्याकडील स्थिती :

भारतात वरील दुसऱ्या चुकीला एक वेगळे रूप मिळते. वय लपवून खालच्या गटात खेळवलेला मुलगा मोठा दिसतो आणि खऱ्या वयाचा मुलगा बाजूस पडतो. मनगटाच्या हाडांवरून वय तपासण्याची पद्धत आपल्याकडे वापरली जाते. फिफानेही २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. परंतु हाडांचे वय म्हणजे जन्मवय नव्हे. निसर्गतः लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगाही या तपासणीत अडकू शकतो, हे आयोजकांनी विसरू नये.

कोल्हापुरात तालीम संघांचे सामने पाहण्यासाठी छत्रपती शाहू स्टेडियम भरते, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. अशा ठिकाणी गुणांची वानवा नाही. वानवा आहे ती नोंदींची. मुलगा बाराव्या वर्षी कोणत्या संघात होता, किती हंगाम होता, त्याची उंची दर सहा महिन्यांनी किती वाढली, ही माहिती बहुधा प्रशिक्षकाच्या स्मरणातच असते. उंची नोंदवण्यास एक भिंत व एक फूटपट्टी पुरते. संघटनेकडे अधिकृत नोंदणी करण्यास थोडे कष्ट पडतात, परंतु ती नसेल तर उद्या तो मुलगा परदेशी क्लबात गेला तरी त्याला पहिली चार वर्षे शिकवणाऱ्या तालमीचे नाव कोणत्याही हिशेबात येणार नाही.