एका पाण्यावर मासे आणि भाजी

मुळशीचे नाव निघाले की महाराष्ट्रीय वाचकांस १९२१ सालचा सत्याग्रह आणि सेनापती बापट यांचे स्मरण होते. टाटा कंपनीच्या धरणात आंबेमोहोर पिकविणारी खाचरे बुडाली, आणि पूर्वेस वाहणाऱ्या मुळेचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणातील भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागले. ताम्हिणीच्या बाजूस वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो डोंगरउतारावरून निघून जातो आणि वैशाखात वाड्यावस्त्यांवर पाण्याची ओढ लागते. अशा प्रदेशात ज्यांचे घर किंवा थोडीबहुत जमीन आहे, त्या कुटुंबांनी एकाच पाण्याकडून दोनदा काम करून घेणाऱ्या एका शेतीचा विचार करावा, असे आम्हांस वाटते. हिला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात.

हिची रचना साधी आहे. एका टाकीत मासे पाळावयाचे. त्यांच्या विष्ठेने व श्वसनाने पाण्यात अमोनिया साठतो, आणि तो वाढला तर मासे मरतात. हे पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात सोडावयाचे. खडीवर वसणारे सूक्ष्मजंतू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्रेट हे वनस्पतींचे अन्न असल्यामुळे भाजी ते शोषून घेते आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत येते. मातीतील शेतीच्या सुमारे एक-दशांश पाण्यात भाजी निघते, ती या फेऱ्यामुळेच. जंतूंचे हे कार्य विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले.

कल्पना मात्र त्याहून फार जुनी आहे. पावसाच्या आरंभी चढणीचे मासे भातखाचरांत शिरतात, हे मावळातील शेतकऱ्यास नवे नाही. चीनमधील चिंगत्येन येथे भाताच्या शेतातच मासे वाढविण्याची परंपरा आहे, आणि २००५ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने तिला कृषिवारशाचा मान दिला.

घरगुती प्रमाण असे धरावे: एक हजार लिटरांची टाकी, तीन चौरस मीटर वाफा आणि दिवसाकाठी सुमारे १२० ते १५० ग्रॅम मत्स्यखाद्य. एवढ्यावर पालक, पुदिना, कोथिंबीर चांगली येते. टोमॅटो-मिरचीस खाद्य अधिक लागते. आरंभी जंतू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे जातात. या काळात जो उतावीळ होऊन टाकी माशांनी भरतो, त्याचे मासे हमखास मरतात. नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. कीटकनाशक तर नकोच. मोरचूद माशांस विष आहे आणि कडुनिंबाचा अर्कही जपूनच वापरावा. मुळशीच्या थंडीत चिलापी मासा खाणे सोडतो, आणि मुसळधार पावसात टाकीवर छप्पर नसेल तर पाण्याचा तोल बिघडतो. सर्वांत मोठे भय विजेचे. टाकीत मासे दाट असतील तर पंप थांबताच काही तासांत ते गुदमरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप अवश्य हवा.

आता आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी उपस्थित होणारा प्रश्न. जेथे मासळी शिजत नाही, तेथे हे चालावे काय? शेणखतावर वाढलेली भाजी आपण निःशंकपणे खातो. मग माशांच्या पाण्यावरची भाजी निषिद्ध मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. गोल्डफिश किंवा कोई हे शोभेचे मासे पाळले म्हणजे ते खाण्याचा प्रश्नच उरत नाही. तथापि एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांपासून लपवू नये: बाजारच्या मत्स्यखाद्यात बहुधा मासळीची भुकटी असते. ज्यांस ती नको, त्यांनी सोयाबीनवर आधारलेले खाद्य विचारून घ्यावे. हा निर्णय टाकी आणण्यापूर्वी सर्वांनी मिळून करावा, नंतर नव्हे.

खर्चाविषयीही स्पष्ट बोलावे. धान्य या रीतीने पिकत नाही, आणि विजेचा व खाद्याचा खर्च चुकत नाही. अल्पावधीत भरघोस नफ्याची हमी देऊन कोणी लाखो रुपयांची यंत्रणा विकू लागला, तर चालू स्थितीतील बाग आणि तिचा वर्षभराचा जमाखर्च पाहिल्याविना एक पैही देऊ नये.

हिला खरे भांडवल लागते ते नियमिततेचे. सकाळ-संध्याकाळ खाद्य, आठवड्यास पाण्याची परीक्षा, पंपावर नजर. एकट्यादुकट्यास हे जड जाते आणि केवळ शनिवार-रविवारी मुळशीस जाणाऱ्यास तर अशक्यच. परंतु चार पिढ्या एकत्र नांदतात त्या घरात आजोबांनी नोंद ठेवावी, मुलांनी खाद्य घालावे, सुनांनी व मुलग्यांनी वाफा पाहावा. ज्या घरी ही वाटणी मनापासून होईल, त्यांनी प्रथम एकच टाकी घालून एक पावसाळा, एक हिवाळा व एक उन्हाळा पाहावा; वाढविण्याचा विचार त्यानंतर.