झुआरीवरचे दोन नवे पूल का महत्त्वाचे?

पणजीहून मडगाव, वास्को किंवा दाबोळी विमानतळाकडे जायचं, तर आगशी-कुठ्ठाळीदरम्यान झुआरी ओलांडावीच लागते. १९८३ पासून हा सगळा भार दोनच मार्गिकांच्या जुन्या पुलावर होता. त्यावर एखादी गाडी बंद पडली की दोन्ही तीरांवर रांगा! पुढे पुलाच्या काळजीपोटी अवजड वाहनांवरही निर्बंध आले.

आता शेजारी दोन समांतर केबल-स्टेड पूल उभे आहेत, प्रत्येकी चार मार्गिकांचे. पहिला डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, दुसरा वर्षभराने. उंच मनोऱ्यांपासून निघालेल्या पोलादी केबल्स पुलाचा भार पेलतात, म्हणून मधला ३६० मीटरचा गाळा त्याखाली एकही खांब न रोवता साधला आहे. खालून बार्ज जाणाऱ्या नदीवर हे फार मोलाचं. मला तर ही रचना बघतच राहावीशी वाटते.

पण केवळ पूल रुंद करून भागत नाही. पुढचा रस्ता अरुंद राहिला तर कोंडी फक्त पुढे सरकते. इथे बांबोळीपासून वेर्ण्यापर्यंतचा महामार्गही याच प्रकल्पात घेतला, आणि माझ्या मते खरी शहाणपणाची गोष्ट तीच.

दुसरा पूल हाताशी असणं म्हणजे काय, हे गोव्याला १९८६ मध्ये कळलं. मांडवीवरचा पूल त्या जुलैत कोसळला आणि पणजी-पर्वरीची माणसं पुन्हा फेरीबोटींवर आली. तो पूल तेव्हा जेमतेम १६ वर्षांचा होता.