रजेच्या दिवशी ड्यूटी कोणाची?

नवा डॉक्टर कुठे नोकरीला लागला की आमच्या तेर गावात पहिला प्रश्न पगाराचा येतो. सुट्ट्यांचं कुणी विचारत नाही. माझ्या पुतणीला मात्र तोच प्रश्न मोठा वाटत होता. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावरचं बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष (ते टाळायचं असतं तर 10 लाख रुपये भरावे लागले असते) तिने एका ग्रामीण रुग्णालयात काढलं होतं, आणि रजा मंजूर होऊनही घरी जाता येत नाही म्हणजे काय, हे तिला तिथे कळलं होतं.

ग्रामीण रुग्णालयाचा साचा साधारण 30 खाटांचा. एक वैद्यकीय अधीक्षक, तीन वैद्यकीय अधिकारी. बाळंतपण, सर्पदंश, विषबाधा, अपघात, शवविच्छेदन, सगळं याच चौघांवर. त्यात एक पद रिकामं असलं आणि एक जण आजारी पडला, तर उरलेल्यांनी झोपायचं कधी? कागदावर रजांना तोटा नाही. कायम नोकरीत वर्षाला 30 अर्जित, 20 अर्धवेतनी, 8 किरकोळ. पण अर्ज पुढे केला की अधीक्षक विचारणारच, ‘तुमच्या जागी कोण?’ त्यांचंही चुकत नाही. चैत्र वद्यात संत गोरोबाकाकांच्या यात्रेला तेरमध्ये गर्दी लोटते, तेव्हा तर दवाखान्यात माणूस वाढवायचा असतो.

सरकारी पगारात घासाघीस नसते. गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन 56,100 रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई, घरभाडं आणि व्यवसायरोध भत्ता. तज्ज्ञ डॉक्टर मिळेनात म्हणून राष्ट्रीय आरोग्य अभियानात ‘यू कोट, वी पे’ची मुभा आली, आकडा डॉक्टरने सांगायचा, सरकारने द्यायचा. मला ती योग्य वाटते, पण अपुरी. भूलतज्ज्ञ एकच असेल तर त्याला कितीही द्या, तो रजेवर गेला की सिझेरियनची बाई जिल्ह्याला पाठवावी लागते.

बाँड संपल्यावर लातूरच्या एका खाजगी हॉस्पिटलने पुतणीला आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून बोलावलं. मी सोबत गेलो. मालक डॉक्टर अगत्याने बोलले. ‘80,000 देऊ मॅडम. एक दिवसाआड चोवीस तास. म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस तुम्ही घरीच.’

मला ते ऐकून बरंच वाटलं. तिने मोबाइलवर गुणाकार केला. पंधरा गुणिले चोवीस, 360 तास. बारा तासांच्या 26 ड्यूट्या धरल्या तर 312. पगार तोच, पण पहिल्या हिशेबाने तासाला 222 रुपये, दुसऱ्याने 256. शिवाय चोवीस तास जागलेल्या माणसाचा दुसरा दिवस झोपण्यातच जातो. त्याला सुट्टी म्हणणं मला तरी पटत नाही.

‘सर, बारा तासांची ड्यूटी चालेल. नाईट महिन्याला आठच्या वर नको. आणि वर्षाला बारा पगारी रजा.’

‘रजेचं काय मॅडम, घरच्यासारखं आहे. लागली की सांगायचं.’

‘मग तेवढं पत्रात घालू या की सर.’

मालक थोडे थांबले. त्यांची अडचण खरी होती: दुसरा आरएमओ प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होता, कधी सोडून जाईल नेम नव्हता. त्यांनी रजांऐवजी महिन्याला 2,000 वाढवायची तयारी दाखवली. तिने पुन्हा हिशेब मांडला. 80,000 भागिले 26, म्हणजे दिवसाचे 3,077. बारा रजांचे वर्षाला जवळपास 37,000 होतात. वाढ मिळणार 24,000. शिवाय हे 80,000 पगार म्हणून नव्हे, ‘प्रोफेशनल फी’ म्हणून मिळणार होती. खाजगीत हे सर्रास चालतं. दहा टक्के टीडीएस कापून हातात 72,000; भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजाही आपोआप नाही. जे पत्रात लिहिलं तेवढंच आपलं.

‘सर, 77,000 द्या. पण रजा लिहून द्या, आणि त्या दिवशी ड्यूटी कोण बघणार तेही.’

मला आत कसंतरी झालं. मिळत असलेले तीन हजार पोरगी सोडते म्हणजे काय! पण नंतर परतताना रस्त्यात ती म्हणाली, ‘काका, बदली माणूस ठरलेला नसेल तर रजा माझी नसते. पेशंट टाकून मी निघू शकेन का?’

मालकांनी तिथेच मान्य केलं होतं. दर रविवारी येणाऱ्या एका डॉक्टरशी बोलून रजेचे दिवस त्यांच्याकडे लावायचे ठरले. मसुद्यात आणखी दोन गोष्टी होत्या. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं लातूर शहरात प्रॅक्टिस करायची नाही, ही एक. 1872च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 असल्या बंधनाला मानत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने ते वाक्य काढूनच घेतलं. दुसरी, मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलकडे ठेवायची. त्यावर तिने साक्षांकित प्रती दिल्या, मूळ कागद पिशवीत ठेवले आणि दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या नोटिशीचं कलम वाचून सही केली.