पडद्यावरचे मांजर आणि श्रावकाचे घर

बारामतीच्या भुसार पेढीवर किंवा इंदापूरच्या बाजारात धान्याच्या थप्पीजवळ पहुडलेले मांजर कोणी विकत आणलेले नसते. ते आपल्या पायांनी येते आणि आपल्या मर्जीने जाते. पडद्यावरच्या मांजराला ही मुभा क्वचितच मिळते.

१९७२ च्या ‘द गॉडफादर’मध्ये मार्लन ब्रँडो यांच्या मांडीवर बसलेले मांजर स्टुडिओच्या आवारात भटकताना सापडले होते. त्याच्या गुरगुरण्याने संवादही नीट ऐकू येईनात, असे सांगतात. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मधील ऑरेंजी हे मांजर मात्र शिकवून तयार केलेले, प्राणी-कलाकारांचा ‘पॅट्सी’ पुरस्कार त्याला दोनदा मिळाला. १९८६ च्या एका जपानी चित्रपटाच्या चित्रीकरणात मांजरे दगावल्याचे आरोप झाले. ते सिद्ध झाले नाहीत, तरी प्रेक्षकांच्या मनातील शंका गेली नाही.

आपल्या देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि २००१ चे नियम यांनुसार चित्रपटात प्राणी वापरण्यापूर्वी त्याची पूर्वसूचना द्यावी लागते. प्राण्याचे वय, प्रकृती आणि त्याच्याकडून करून घ्यावयाचे काम कळवावे लागते; पशुवैद्याचा दाखलाही जोडावा लागतो.

जैन आचारशास्त्राने हा विचार शतकांपूर्वीच केला आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ सांगताना द्रव्यासाठी पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्यासह मांजर पाळण्याचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. आक्षेप दयेने घातलेल्या दुधाच्या वाटीला नाही. जिवाला कमाईचे साधन करण्याला आहे.

आज हा प्रश्न स्टुडिओपुरता उरलेला नाही. जेवणाऱ्या मांजरामागे हळूच काकडी ठेवायची, ते दचकून उडाले की चित्रफीत पसरवायची, हा खेळ हातातल्या मोबाईलवर रोज दिसतो. मुले हसतात, मोठेही हसतात. परंतु हिंसा करणे, करविणे आणि तिला अनुमोदन देणे, या तिन्हींतून दोष लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग अशी चित्रफीत पुढे पाठविणारे बोट कोणत्या बाजूला मोडते?

मुलांना रागावण्याची गरज नाही. ‘ते मांजर का घाबरले असेल?’ एवढेच विचारावे. उत्तर शोधताना मूल थांबले, तर जीवदयेचा पाठ घरातच सुरू झाला असे समजावे.