खाणींना माल पुरवायचा आहे? हुनराला हिशेबाची जोड द्या

नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. घुग्घुस, सास्ती, दुर्गापूर, निलजई, उमरेड ही नावे विदर्भातील आमच्या वाचकांना नवी नाहीत. खाण म्हटली की अजस्र यंत्रे डोळ्यांसमोर येतात. पण ती यंत्रे चालू ठेवण्यासाठी रेडिएटरची दुरुस्ती लागते, बकेटच्या दातांचे वेल्डिंग लागते, मोटारीचे रिवाइंडिंग, लेथवर काढलेले पिन-बुश, डम्परच्या सीटची गादी आणि कामगारांचे गणवेशही लागतात. ही कामे जाणणारे हात आपल्या समाजात पुष्कळ आहेत. तरीही अनेकदा ऑर्डर मधला ठेकेदार घेतो आणि आपला कारागीर त्याच्याकडे मजुरीवर तेच काम करतो. असे का होते? आमच्या मते कमतरता हुनराची नसून निविदा वाचण्याची, दर काढण्याची आणि कागद सांभाळण्याची आहे. ही तिन्ही कौशल्ये शिकता येतात.

कायद्याने दिलेली सवलत

केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठराविक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. २०१८ मध्ये तो २५ टक्के करण्यात आला. त्यातील ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. घरी शिलाई करणाऱ्या आपल्या भगिनींनी हे जरूर ध्यानात ठेवावे. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॅंगनीज काढणारी मॉयल या दोन्ही सरकारी कंपन्या असल्याने हे धोरण त्यांना लागू आहे.

या उद्योगांना निविदेचा अर्ज मोफत मिळतो व बयाणा रक्कम भरावी लागत नाही. आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी कमी दरावर येण्यास तयार असल्यास ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो. मात्र ऑर्डर मिळाल्यावरची सुरक्षा अनामत माफ होतेच असे नाही, म्हणून अटी नीट वाचाव्यात.

यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती पूर्णपणे मोफत आहे. तिच्या नावाखाली पैसे मागणाऱ्या दलालांपासून सावध राहावे.

आमच्या व्यापारी बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला ‘उद्यम’ नोंदणी मिळते, पण या धोरणातील सवलती मिळत नाहीत. त्या माल बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहेत. कापडाच्या दुकानदाराने शिलाईचे युनिट उभारले, तर त्याच्यासाठीही हा मार्ग खुला होतो.

दर काढताना

निविदा भरताना कमी दराचा मोह फार होतो. समजा, १०० गणवेशांची ऑर्डर आहे. कापड व शिलाई मिळून एका गणवेशाला ७०० रुपये पडतात. आपण ७५० दर भरला आणि ५,००० रुपये सुटतील असे मानले. पण गाडीभाडे २,००० झाले, नमुना तपासणीला १,५०० गेले आणि चार नग बाद होऊन २,८०० बुडाले, तर एकूण ६,३०० रुपये खर्च झाला. म्हणजे ऑर्डर मिळूनही १,३०० रुपयांचा तोटा! उशिराबद्दलची दंडकपात वेगळीच. म्हणून दर भरण्यापूर्वी प्रत्येक खर्च कागदावर मांडावा.

पैसा अडकला तर

२००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल, करार काहीही असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत चुकते झाले पाहिजे. हा नियम खासगी खाण कंपन्यांनाही लागू आहे. न झाल्यास ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. विलंबाबद्दल कायद्याने व्याज दिले आहे. ज्यांना ते नको, त्यांनी निदान मुद्दलाचा हक्क सोडू नये. पण तक्रार टिकते ती ऑर्डरची प्रत, पोचपावती व बिल हाती असले तरच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनने सूरह बकरामध्ये दिलेलाच आहे. तो आपण दुकानात किती पाळतो, याचा विचार व्हावा.

हे ४५ दिवस कच्चा माल आणि मजुरी आपल्यालाच भागवावी लागते. व्याजी कर्जात पडण्यापेक्षा पेलेल तेवढीच ऑर्डर घ्यावी, किंवा दोन-तीन कारागिरांनी लेखी भागीदारी करावी. एकाचा लेथ, दुसऱ्याचे वेल्डिंग आणि हिशेबाला शिकलेला मुलगा, एवढ्यावरही सुरुवात होते.

पुढचे पाऊल

जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि नागपूरचे केंद्रीय एमएसएमई कार्यालय येथे मार्गदर्शन मिळते. कोल इंडियाच्या ई-निविदा पोर्टलवर व ‘जेम’वर निविदा निघतात. आठवड्यातून एक दिवस त्या वाचण्यासाठी ठेवावा. पहिली ऑर्डर लहान घ्यावी, पण माल ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या दिवशी द्यावा. वेळेवर पुरवठा केल्याचा तो कागदच पुढच्या निविदेत आपली साक्ष देईल.