विश्लेषण : नवा डेस्कटॉप, जुनी हार्ड डिस्क, कॅबिनेटमध्ये कोणता ड्राइव्ह कुठे बसवावा?

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर मुंबई-गोवा महामार्ग पुण्याच्या रस्त्यापासून वेगळा होतो. या परिसरात कंटेनर यार्ड, गोदामे आणि वाहतूकदारांची कार्यालये आहेत. अशा छोट्या कार्यालयांत बिल्टी, जीएसटीची बिले आणि टॅलीचा हिशेब डेस्कटॉपवरच असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे नवा संगणक घेऊन जुनी हार्ड डिस्क त्यात बसवणे हा खर्च वाचवणारा मार्ग ठरतो. मात्र घाईत विंडोज चुकीच्या डिस्कवर टाकली गेली, तर कित्येक वर्षांचा हिशेब पुसला जाऊ शकतो.

कोणते काम कोणत्या ड्राइव्हकडे?

विंडोज आणि रोजची सॉफ्टवेअर एसएसडीवर, डेटा हार्ड डिस्कवर, ही सर्वांत सोयीची मांडणी. साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास डेटा वाचते. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क साधारण १५० ते २०० एमबी. १६ एक्स वेगाचा डीव्हीडी ड्राइव्ह जेमतेम २२ एमबीपर्यंत जातो. मदरबोर्डवर वेगवान आणि संथ असे दोन्ही साटा पोर्ट असतील, तर वेगवान पोर्ट एसएसडीला द्यावा. डीव्हीडी ड्राइव्हला कोणताही चालतो.

‘मास्टर-स्लेव्ह’ अजून करावे लागते का?

नाही. जुन्या आयडीई पद्धतीत एका रुंद, पट्टीसारख्या केबलवर दोन ड्राइव्ह असत आणि जंपर लावून त्यांचा क्रम ठरवावा लागे. साटामध्ये एका केबलवर एकच ड्राइव्ह असतो. नव्या मदरबोर्डवर आयडीई पोर्ट नसतो. डिस्क तितकी जुनी असेल, तर यूएसबी अडॅप्टर लावून डेटा कॉपी करून घ्यावा.

कॅबिनेटमध्ये जागा कोणती?

हार्ड डिस्क ३.५ इंचाच्या खणात बसते. ती आडवी किंवा उभी चालते. पण सैल किंवा लोंबकळती ठेवू नये, स्क्रू घट्ट हवेत. दोन हार्ड डिस्क असतील तर मध्ये एक खण रिकामा सोडावा आणि समोरच्या पंख्याची हवा त्यांच्यावरून जाऊ द्यावी. महामार्गालगत धूळ जास्त असते, त्यामुळे पंख्याची जाळी वरचेवर साफ करावी. डीव्हीडी ड्राइव्हला ५.२५ इंचाचा खण लागतो. अनेक नव्या कॅबिनेटमध्ये तो नसतो. एमआरआयची सीडी किंवा लग्नाची डीव्हीडी पाहायची असेल, तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह पुरतो.

खरा धोका कधी?

विंडोज टाकताना. त्या वेळी सगळ्या डिस्क जोडलेल्या असतील, तर नजरचुकीने डेटाचीच डिस्क फॉरमॅट होऊ शकते. कधी विंडोज एसएसडीवर जाते, पण संगणक सुरू करणाऱ्या फाइल जुन्या डिस्कवर राहतात. पुढे ती डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही. म्हणून आधी फक्त एसएसडी जोडून विंडोज टाकावी. नंतर संगणक बंद करून, प्लग काढून हार्ड डिस्क जोडावी. बायोसमध्ये एसएसडी पहिल्या क्रमांकावर आहे का, हेही पाहावे.

डिस्क दिसत नाही किंवा टॅलीत कंपनी दिसत नाही, असे का?

काही मदरबोर्डवर एम.२ एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. कोणते, ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असते. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी. टॅलीचे कारण बहुधा वेगळे असते : पूर्वी ‘डी’ असलेली डिस्क आता ‘ई’ झालेली असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर बदलता येते किंवा टॅलीत डेटाचा नवा पत्ता देता येतो. ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न स्क्रीनवर आला, तर ‘हो’ म्हणू नये.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप झाला का?

नाही. विजेचा झटका, चोरी किंवा पावसाचे पाणी एकाच कॅबिनेटमधल्या दोन्ही डिस्क घेऊन जाते. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावे. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, कार्यालयापासून दूर असावी आणि ती जुनी डिस्क खोलण्याआधीच काढलेली असावी.