गारपिटीचा अंदाज का हुकतो?

(लेखमाला : आभाळाची गणिते, लेखांक 6)

एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात येणारा वळीव अधूनमधून गारा घेऊन येतो. पण मेघगर्जनेसह पावसाचा इशारा बरोबर ठरला तरी गारा नेमक्या कोठे पडतील हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. बेळगावातला कॅम्प भाग झोडपला जावा आणि वडगाव-शहापुरात नुसती धूळ उडावी, असेही घडू शकते, कारण गारांचा मेघ काही किलोमीटरच रुंद असतो आणि बहुधा तासाभरात विरून जातो.

या उंच गर्जन्मेघात गोठणपातळीच्या, म्हणजे तापमान 0 अंश सेल्सियसवर येते त्या उंचीच्या, वरही पाण्याचे असंख्य थेंब न गोठता तरंगत असतात. अशा अतिशीतित थेंबांचा बर्फकणाला स्पर्श होताच ते त्यावर गोठतात. वर चढणारा हवेचा झोत, म्हणजे ऊर्ध्वप्रवाह, त्या कणाला जितका काळ तोलून धरील तितकी गार वाढते आणि झोताला पेलेनाशी झाली की कोसळते. वळिवाच्या दिवसांत गोठणपातळी साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर असल्याने लहान गारा वाटेतच वितळतात आणि खाली टपोरा पाऊस पडतो. म्हणून गार की पाऊस, हा निवाडा गोठणपातळीतील काहीशे मीटरांच्या आणि झोताच्या जोरातील थोड्याशा फरकावर होतो.

थंड देशांतल्या हिमवादळाचेही असेच आहे. 1998 च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वरच्या उबदार थरातून पडलेला पाऊस जमिनीलगतच्या गोठणाऱ्या हवेत शिरून तारांवर व फांद्यांवर बर्फ होऊन बसला आणि लाखो घरे अंधारात गेली. अशा वेळी खालचा थंड थर थोडा जाड असला तर बर्फाचे कण पडतात, अर्ध्या अंशाने उबदार असला तर साधा पाऊस.

महाराष्ट्रात 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत चाललेल्या गारपिटीत वरच्या थरांतील थंड पश्चिमी वारे फार दक्षिणेकडे उतरले व समुद्रावरून आलेल्या बाष्पाला भिडले. विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात गहू, हरभरा, कांदा व द्राक्षे आडवी झाली. थंड हवा उतरते आहे हे नकाशावर दिसू शकते, परंतु कोणत्या शिवारावर गारा पडतील हे त्या नकाशातून निघत नाही.

खरी अडचण मोजमापाची आहे. वरच्या हवेचे तापमान व आर्द्रता टिपणारे फुगे प्रामुख्याने पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाच या दोनच वेळांच्या निरीक्षणांसाठी सोडले जातात, तर वळीव भर दुपारनंतर उभा राहतो. शिवाय बेळगावला जवळचे असे केंद्र पणजीचे, समुद्रकाठचे. तेथील खाऱ्या वाऱ्यांची हवा घाटमाथ्यापलीकडच्या, सुमारे साडेसातशे मीटर उंचीच्या तापलेल्या पठाराची साक्ष पुरती देऊ शकत नाही. या पठाराच्या वरच्या हवेचे स्वतंत्र मोजमाप होणे म्हणूनच निकडीचे आहे.

तोवर भिस्त डॉप्लर रडारवर राहते. मेघ उभा राहिल्यावर त्याच्या पोटातील गारांची खूण रडारला मिळते व पुढच्या दोन-तीन तासांपुरता तात्कालिक इशारा देता येतो. तेवढ्या वेळात झाडावरचा आंबा किंवा भाजीचा मळा वाचत नाही, पण जनावरे गोठ्यात आणि माणसे छपराखाली नेता येतात. त्या खुणेचे वाचन कसे करतात, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.